उंदीर हलला, परत घेतला

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. हजेरीच्या वहीत तिचं दुसरं, चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते वहीतच राहिलं. चौदा वर्षं ती एकच काम करत आली होती आणि त्या कामात तिच्या तोडीचं कुणी नाही, हे खुद्द सर कबूल करत. सर एरवी कुणाचं काही कबूल करणाऱ्यातले नव्हते.

काम सांगायला सोपं आहे. पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंजात सूज आणणारं औषध टोचायचं. तीन तासांत पंजा टम्म फुगतो. घोट्यावर आधीच शाईची रेघ मारलेली असते. त्या रेघेपर्यंत पंजा पाण्याच्या नळीत बुडवायचा. पाणी जेवढं वर सरकेल तेवढा पंजा, आणि शेजारच्या यंत्रावर त्याचा आकडा येतो. तीनदा बुडवायचा, तीन आकडे वहीत लिहायचे, त्यांची सरासरी काढायची. आता उंदीर म्हणजे काही पाटावर बसलेला शहाणा मुलगा नव्हे. तो मध्येच पाय ओढतो, रेघ वरखाली होते. मग तो आकडा खोडायचा, त्याच्यापुढे ‘हलला’ असं लिहायचं आणि परत घ्यायचा. उंदीर हलला की नाही हे ठरवणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे मोजणीबाई. तिचा शब्द शेवटचा.

सरांनी सुगंधी तेलांचं काम हातात घेतलं तेव्हा बाजारात त्या तेलांचा नुसता सुळसुळाट झाला होता. बोटभर बाटली, वर फुलाचं चित्र, आणि खाली ‘सूज उतरते, वेदना शमते’ असं बिनधास्त छापलेलं. खरंच उतरते का, हे सरांना तपासायचं होतं. प्रश्न चांगला होता, यात वाद नाही. निलगिरीनं फार काही केलं नाही, लव्हेंडरनंही थोडक्यातच आटोपलं. मग आलं गवती चहाचं तेल. अर्ध्या उंदरांच्या पंजाला ते साध्या तेलात मिसळून चोळायचं, अर्ध्यांना नुसतंच साधं तेल. कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, असा नियम असतो. नाहीतर मोजणाऱ्याचा हात आपल्या मनासारखं मोजायला लागतो. म्हणून पिंजऱ्यांवर नुसते नंबर होते आणि कुणाला काय लावलं त्याची यादी सरांच्या कपाटात, बंद पाकिटात. त्या पाकिटाचा सरांना फार अभिमान होता. कुणी आलं की कपाट उघडून दाखवायचे.

चार महिन्यांनी पाकीट उघडलं. तेल लावलेल्या उंदरांची सूज एक्केचाळीस टक्क्यांनी कमी निघाली. सरांनी दोनदा हिशेब केला आणि मग सगळ्यांना चहा पाजला. शोधनिबंध छापून आला त्यात पाचवं नाव मोजणीबाईचं होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. एका वर्तमानपत्रानं आतल्या पानावर चार बोटं जागाही दिली.

ते चार बोटांचं कात्रण तिच्या अक्कानं कापून कपाटाच्या दारावर चिकटवलं आणि इथूनच सगळं बिघडलं.

अक्का तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती, तेव्हापासून अक्कानं तिची वेणी घातली, डबा भरला, अभ्यास घेतला. लग्नाचं म्हणाल तर, धाकटी मार्गी लागू दे मग बघू, असं म्हणता म्हणता बघायचं राहून गेलं. दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. अक्का कोटांची काजं करायची. मशीनवर नाही, हातानं. एका मोठ्या शिंप्याच्या दुकानातून कोट यायचे आणि अक्काची काजं घेऊन परत जायचे. गिऱ्हाइकं कोट उलटा करून आधी काज बघतात, हे सांगताना तिचा चेहरा फुलून यायचा. चार वर्षांपूर्वी तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली. संधिवात निघाला, तोही साधा नाही, सांधा आतून खाणारा.

डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. गोळी कडक होती. घेतली की पुढचे दोन दिवस अक्काला मळमळायचं, तोंडाला लोखंडाची चव यायची, कंगव्यात केसांचा पुंजका निघायचा. पण सूज ताब्यात होती आणि सुई हातात राहत होती. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: गोळी सोडलीत तर सूज सांधे पोखरेल, आणि बोटं एकदा वाकडी झाली की कुणाच्या बापाला सरळ करता येणार नाहीत. बाई तोंडाच्या फटकळ होत्या, पण खऱ्या होत्या.

कात्रण चिकटवलं त्या संध्याकाळी अक्का म्हणाली, आता ती गोळी बंद. तेलच लावायचं. मोजणीबाई घाबरली, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोला, तिला थोडं बरंही वाटलं. डॉक्टरीणबाईंना विचारून घेऊ या, असं ती म्हणाली खरी, पण ज्या आवाजात म्हणाली त्या आवाजाला कुणी भीक घालत नाही. उंदीर वेगळे, माणूस वेगळं, हेही तिनं पुटपुटून झालं.

“तूच मोजलंस ना?” अक्कानं विचारलं.

“हो, पण…”

“मग झालं तर. दुसऱ्या कुणी मोजलं असतं तर मी विचार केला असता.”

चौदा वर्षं ती रोज सकाळी डबा घेऊन कुठे जाते आणि तिथं काय करते, हे अक्काला कधी नीट उमगलं नव्हतं. उंदरांचे पाय मोजते म्हटलं की शेजारणी हसायच्या. आता तेच कपाटावर लागलं होतं. माणूस कौतुकाला किती भुकेलेलं असतं, ते कौतुक समोर येईपर्यंत त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. तिनं वाद घातला नाही. त्याऐवजी ती म्हणाली की आपण दर रविवारी मोजू या, आकडा वाढला तर गोळी लगेच सुरू करायची. आपण फार सावध वागतो आहोत, असं तिला वाटलं.

मोजायची रीत तीच. उभा स्टीलचा डबा काठोकाठ भरून परातीत ठेवायचा. अक्काच्या उजव्या मनगटावर पेनानं रेघ मारायची. रेघेपर्यंत हात पाण्यात सोडायचा, जेवढं पाणी परातीत सांडेल ते प्रयोगशाळेतून आणलेल्या काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वाचायचा. असं तीनदा. अक्काचं मनगट मोजणीबाई स्वतःच्या हातात धरायची, पाण्यात सोडायची, बाहेर काढायची. मग गवती चहाचं तेल साध्या तेलात मिसळून एकेक बोट चोळून द्यायची. खोलीभर तो ओला, हिरवा वास भरायचा. अक्का डोळे मिटून बसायची आणि म्हणायची की लहानपणी मी तुझ्या डोक्याला तेल लावायची, आता तू फेडते आहेस.

पहिल्या रविवारी तीनशे बहात्तर मिलिलीटर भरले. महिन्यानं तीनशे पासष्ट. पुढच्या महिन्यात तीनशे अठ्ठावन्न. एखादा आकडा मध्येच जास्त आला की मोजणीबाई म्हणायची, “अक्का, हललीस. परत.” अक्का गुन्हेगारासारखा हात पुसायची आणि परत द्यायची.

गोळी बंद झाल्यावर सुरुवातीला खरंच मजेत गेलं. मळमळ गेली, जेवण जायला लागलं, केस गळायचे थांबले. तेलाचा गुण म्हणून अक्कानं जिन्यातल्या दोघीतिघींना सांगून टाकलं. पण तिसऱ्या महिन्यापासून सकाळी बोटं मिटेनात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायला लागला. एकदा अक्का म्हणाली की आज फार ठणकतंय गं. मोजणीबाईनं वही उघडून दाखवली. आकडा तर मागच्यापेक्षा कमी होता. अक्का वरमली. वयाबरोबर माणूस रडकं होतं, असं म्हणाली आणि त्यानंतर ठणक्याचं नाव तिनं काढलं नाही. दुकानातून दोन कोट परत आले, काजं तिरकी झाली म्हणून. अक्कानं ती उसवून पुन्हा केली आणि डोळ्यांना दोष देऊन नवा चष्मा करून आणला. नवा चष्मा! बोटं ओरडून सांगत होती आणि बाई डोळे तपासायला गेली.

पाचव्या महिन्यात प्रयोगशाळेत एक पाहुणी आली. दुसऱ्या संस्थेतली, तीन महिन्यांसाठी, सरांचं काम शिकायला. पहिल्याच दिवशी ती उंदरांच्या खोलीच्या दारात थबकली. नवी तुकडी नुकतीच बसवली होती, तेल लावून तास झाला होता. सर पाकिटाबद्दल सांगत होते आणि ती ऐकता ऐकता नाक वर करून उभी होती. मग तिनं अगदी नम्रपणे विचारलं की मी तेलवाले पिंजरे ओळखून दाखवू का? सर हसले. ती पिंजऱ्यांसमोरून चालत गेली, प्रत्येकापाशी क्षणभर वाकली आणि दहा नंबर सांगितले. सरांनी पाकीट आणवलं. दहाच्या दहा बरोबर होते.

इतक्या शिकल्यासवरल्या माणसांच्या हे कसं लक्षात आलं नाही, असं कुणीही विचारील. पण ती माणसं वर्षभर त्याच वासात जेवत-खात होती. त्यांच्या लेखी खोलीला वासच नव्हता. सरांनी पाकिटाला लाख लावली, कपाटाला कुलूप लावलं, आणि उंदीर आपलं गुपित अंगावर घेऊन राजरोस बसले होते. सर म्हणाले की मोजणीबाईला कुठे वास येतो. मोजणीबाईही म्हणाली, मला नाही येत. ते तिला मनापासून खरं वाटत होतं. पण पंजा नळीत बुडवताना उंदीर नाकापासून वीतभर अंतरावर असतो, आणि नाक काही आपल्याला विचारून काम करत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती जेवली नाही. जुनी वही काढून त्या वेळच्या पाकिटातल्या यादीशेजारी ठेवली आणि खोडलेले आकडे मोजायला बसली. तेलवाल्या उंदरांचे एकोणतीस आकडे तिनं ‘हलला’ म्हणून खोडले होते. त्यातले सत्तावीस जास्तीचे होते. साध्या तेलाच्या उंदरांचे एकोणीस खोडले होते, त्यातले सोळा कमीचे. उंदीर बिचारे दोन्हीकडचे सारखेच हलले असणार. तेलवाला उंदीर जास्त सुजलेला निघाला की तिला तो हललेला दिसायचा, आणि साधा उंदीर कमी सुजलेला निघाला की तोही. एकाही आकड्याच्या वेळी ती खोटं बोलली नव्हती. डोळ्यांत तेल घालून तिनं मोजलं होतं, आणि वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत खोटी होती. तिला स्वतःची किळस आली. मग तिला रविवार आठवले आणि किळस जाऊन भीती वाटायला लागली.

तरी ती त्या दिवशी घरी काही बोलली नाही. एकदा खात्री करून घेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं. खात्री हा फार सभ्य शब्द आहे. तिची हिंमत होत नव्हती, एवढंच. मधले रविवारही तिनं काहीतरी निमित्त काढून टाळले. पाहुणीनं प्रयोग पुन्हा मांडला: सगळ्याच पिंजऱ्यांत तेलाचे बोळे ठेवले, उंदीर धरायच्या फडक्यालाही तेल लावलं आणि एकही आकडा खोडायचा नाही असं ठरवलं. पंधरा दिवसांनी पाकीट उघडलं तेव्हा फरक नऊ टक्के निघाला.

सरांनी आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले की नऊ म्हणजे शून्य नव्हे, तेलात काहीतरी गुण आहेच. छापलेलं छापलेलं राहू दे, हवं तर पुढच्या निबंधात थोडं सौम्य लिहू. उंदरांची ही तुकडी वेगळी होती, असंही म्हणता येईल. मोजणीबाईनं विचारलं की वाचून कुणी औषध बंद केलं असेल तर? सर म्हणाले की असं कोण करतं? सुशिक्षित माणसं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करत नाहीत. तिनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

घरी आली तेव्हा अक्का खिडकीशी कोट मांडीवर घेऊन बसली होती. सुईत दोरा ओवलेला होता आणि सुई कोटात तशीच टोचून ठेवलेली होती. इतक्या लवकर कशी, म्हणून अक्कानं विचारलं. मोजणीबाईनं मोजपात्र काढलं. डबा भरला, परात मांडली, मनगटावर रेघ मारली.

“आज रविवार नाही,” अक्का म्हणाली.

“आज तूच बुडव. मी हात लावणार नाही आणि बघणारही नाही. पाणीही तूच ओत, आकडाही तूच वाच.”

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे पाणी सांडल्याचा आवाज आला. परातीतलं पाणी मोजपात्रात ओतायला अक्काला फार वेळ लागला, परात तिच्या हातात ठरत नव्हती. वळून मदत करावी असं मोजणीबाईला दहादा वाटलं, पण ती वळली नाही.

“तीनशे अठ्ठ्याण्णव,” अक्का म्हणाली. “हलले असेन मी. परत घेते.”

“घे. पण तोही लिही.”

दुसऱ्यांदा चारशे एक भरले. तिसऱ्यांदा तीनशे नव्व्याण्णव. वहीतल्या शेवटच्या रविवारी तीनशे बावन्न लिहिलेले होते.

मग तिनं सगळं सांगितलं. वास, पाकीट, खोडलेले एकोणतीस, नऊ टक्के, आणि जास्त पाणी सांडलं की अक्का हललेली दिसायची, मग आपला हात रेघेच्या जरा अलीकडेच थांबत असणार, तेही. सांगताना ती मध्ये थांबली नाही आणि रडलीही नाही. रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं. अक्का ओला हात मांडीवर पालथा ठेवून ऐकत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बाहेरच्या बाजूला कलली होती. ही बोटं मी दर रविवारी चोळत होते, मला कसं दिसलं नाही, असं मोजणीबाईच्या मनात आलं.

“मुद्दाम केलंस?” अक्कानं विचारलं.

“नाही गं.”

“मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. एकदा रागावून मोकळी झाले असते.”

एवढं बोलून ती उठली. कोटाची घडी करायला गेली, ती नीट होईना, म्हणून तसाच खुर्चीवर टाकला आणि आत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी क्ष-किरणाचं चित्र उजेडावर लावून पाहिलं. मग त्यांनी अक्काचा हात हातात घेऊन एकेक बोट सरळ करून पाहिलं. तीन झाली. दोन झाली नाहीत. गोळी आजपासून सुरू करायची, वेळ पडली तर इंजेक्शनही देऊ, पण ही दोन आता अशीच राहतील, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. काजं करता येतील का, असं मोजणीबाईनं विचारलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती नाही म्हणून मान हलवली.

मग त्या अक्कावर चिडल्या. हे काही एका दिवसात झालेलं नाही, म्हणाल्या. महिनोन्महिने रात्रंदिवस दुखलं असणार, माणसाला झोप लागत नाही इतकं दुखतं. एवढं होत असताना बाई तुम्ही घरी बसून काय करत होतात?

मोजणीबाई पुढे झाली. माझ्यामुळे झालं, असं ती सांगणार होती. अक्कानं डावा हात वर करून तिला थांबवलं.

“दुखत होतं हो,” अक्का डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “पण हिच्या आकड्यात येत नव्हतं. ही इतकी शिकलेली, मला वाटलं मीच खोटी असेन.”